बडोद्यातली मंथली मेस आणि पथ्याचं जेवण: वर्षभर वापरल्यानंतर

प्रतापगंजातल्या या मेसच्या कार्डावर चार रकाने आहेत: साधी, जैन, स्वामिनारायण आणि फराळी. सयाजीराव विद्यापीठात शिकणाऱ्या आमच्या गटात चारही थाळ्या घेणारे आहेत. शिवाय एकाला टाइप १ मधुमेह आहे, एकीला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जेवल्यावर आमचं मत असं झालं आहे की कार्डावरचा रकाना बघून पैसे भरू नयेत. डाळ कोणत्या टप्प्यावर बाजूला काढतात ते आधी पाहावं.

गुजराती डाळीत तूर शिजवून घोटली की गूळ, कोकम, आलं-मिरची पडते आणि शेवटी मोहरी, मेथी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. इथले जुने महाराज, म्हणजे आचारी, घोटलेल्या डाळीत फक्त हळद-मीठ असतानाच एक पातेलं वेगळं काढतात आणि त्याला स्वतंत्र डाव ठेवतात. या एका सवयीवर सगळं चालतं. जैन मुलांना त्यात जिऱ्या-हिंगाची फोडणी चालते, ओलं आलं चालत नाही, सुंठ चालते. स्वामिनारायण मुलांना कांदा-लसणाबरोबर हिंगही नको. मधुमेह असलेल्याला गुळाआधीची डाळ हवी, कारण वाटीत चमचाभर गूळ म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास साखर, आणि ती इन्सुलिनच्या हिशेबात धरलेली नसते. सिलिअ‍ॅक असलेल्यांनी तर बांधणी हिंगाची डबी वाचलीच पाहिजे. त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि हे पुष्कळ स्वयंपाक्यांना ठाऊक नसतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो स्वतः आणून द्यावा.

महाराज रजेवर गेले की बदली माणूस पूर्ण फोडणी घालतो आणि मग ‘कांदा नाही घातला’ असं सांगून तीच डाळ सगळ्यांना वाढतो. खोटं बोलत नाही बिचारा, पण पथ्य पाळणारे सगळेच उपाशी राहतात. म्हणून जेवायला बसण्याआधी आत डोकावून वेगळं पातेलं दिसतंय का ते बघायचं. नसेल तर भात, कोरी पोळी आणि दूध यावर वेळ भागवावी. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी पोळी सोडून.

जैन थाळीच्या भाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतात, ते छान जमतं. छोले आणि पावभाजीच्या दिवशी मात्र जपावं, कारण तयार मसाल्यात लसणाची पूड असू शकते. कढीबद्दल एक सूचना आम्ही केली आणि ती मान्य झाली: जैन थाळीसाठी ताक आधी गरम करायचं, मगच बेसन मिसळायचं. कच्च्या ताका-दह्यात डाळीचं पीठ कडक पाळणाऱ्यांना चालत नाही.

प्रथिनांचा प्रश्न कोणी विचारत नाही. ५५ किलो वजनाच्या मुलीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ डाळीच्या वाटीत १५ ते २० ग्रॅम कोरडी डाळ असली तर मिळतात जेमतेम ४ ग्रॅम. जैनांच्या पर्युषण पर्वात हिरवी भाजीही बंद होते, तेव्हा मूग, वाल, चणे अशा कडधान्यांचं कठोळ रोज हवं. इथे ते आठवड्यातून दोनदाच होतं, मागितल्यावर वाढवलं. पैसे भरण्याआधी माणशी कोरडी डाळ किती घेता, असं थेट विचारा. दोन्ही वेळ मिळून ६० ग्रॅमच्या खाली असेल तर दूध आणि शेंगदाण्याची सोय स्वतः करावी.

चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्या-पिण्याचा जैन नियम, पाळणाऱ्यांसाठी ही मेस मुळीच सोयीची नव्हती. रात्रीचं जेवण साडेसातला सुरू होतं. बडोद्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या जरा आधीच मावळतो, जूनअखेर साडेसातच्या सुमारास. म्हणजे वर्षातला एकही दिवस वेळेत बसत नाही. आता सव्वापाचला डबा भरून मिळतो, पण त्यासाठी सकाळी दहापर्यंत नाव लिहावं लागतं, आणि प्रॅक्टिकल लांबलं तर डबा तसाच राहतो.

ग्लुटेनचं गणित सगळ्यात कठीण. भारतीय नियमाप्रमाणे ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे अर्ध्या किलोच्या ताटाला १० मिलिग्रॅम. एक ग्रॅम कणकेतच सुमारे ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. त्यामुळे बाजरीचा रोटला पोळीच्या तव्यावर भाजला, किंवा बाजरी गव्हाच्या चक्कीवर दळली, की तो उपयोगाचा राहत नाही. वेगळा तवा, वेगळा चिमटा आणि घरघंटीवर दळलेलं पीठ, एवढं झालं तरच घ्या. इथे तवा मिळाला, पीठ आम्हीच दळून देतो. पुऱ्या तळलेल्या तेलातले पापड, वेफर बंद.

तेच तेल फराळी थाळीलाही बाधतं, म्हणून वेफर ताज्या तेलात, सगळ्यांत आधी तळायला सांगावे. फराळी म्हणजे सात्त्विक, तेव्हा जैनांनाही चालेल, हा काउंटरवरचा गैरसमज अजून गेलेला नाही. जैनांना वर्ज्य असलेली बटाटा, रताळं, सुरण हीच तर ती थाळी! साबुदाण्याची खिचडी सुरुवातीला मऊ, सुटसुटीत असते, पण झाकून ठेवली की वाफेने गोळा होतो. पहिल्या पंगतीतच बसावं. मोरैयो, म्हणजे आपली भगर, जास्त भरवशाची. टोमॅटो, कोथिंबीर घरोघरच्या रीतीनुसार चालते किंवा नाही, ती वेगळी वाटीत मागून घ्या. संकष्टीला चंद्रोदय बहुधा साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो आणि मेस नऊला बंद होते, त्या दिवशी ताट राखून ठेवायला सकाळीच सांगावं लागतं. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशच्या मुलांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. त्यांचे पहिले सोमवार इथे साध्या थाळीवरच जातात. तारखा लिहून दिल्या तर फराळी मिळते.

रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांना पहाटेच्या सहरीसाठी रात्रीच थेपले, दही, केळी बांधून देतात, हे फार चांगलं. पैशांचं मात्र अडतं. सलग चार दिवस गैरहजर असाल तरच कट, म्हणजे पैशांत वजावट, मिळतो. एकादशी, सोमवार, संकष्टी सुटे दिवस असल्याने त्यांचा एक रुपयाही परत येत नाही, आणि रोज्यात दुपारचं जेवण महिनाभर सुटलं तरी संध्याकाळी हजेरी लागते म्हणून कट नाही. एका वेळेचं कार्ड करून द्या, अशी लेखी मागणी केली तर ते करतात. कार्ड भरण्याच्या दिवशीच ती द्यावी, महिना सुरू झाल्यावर ऐकत नाहीत.