गणवेशाचे कापड तपासणारी चार यंत्रे: वापरानंतरचे परीक्षण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात शाळांचे गणवेश आणि कामगारांचे कपडे शिवले जातात. सुती कापड बहुतांशी मालेगावच्या यंत्रमागांवरून आणि पँटचे पॉलिएस्टर-व्हिस्कोज भिलवाड्याहून येते. तागा हातात घेऊन, चुरगाळून त्याची प्रत ठरवण्याची जुनी पद्धत अनुभवी माणसाच्या हाती बऱ्यापैकी चालते. परंतु तक्रार आल्यावर व्यापाऱ्यासमोर ठेवायला आकडा लागतो. त्यासाठी आम्ही भारतीय बनावटीची चार यंत्रे घेतली: जीएसएम कटर, क्रॉकमीटर, एल्मेंडॉर्फ टेअर टेस्टर आणि मार्टिंडेल.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरला तो जीएसएम कटर. तो १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापतो, त्यामुळे तुकड्याचे ग्रॅममधील वजन १०० ने गुणले की जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन, मिळतो. पाती बोथट झाली की कडेचे धागे ओढले जातात आणि वजन चुकते, म्हणून सुटी पाती सोबतच घ्यावीत. वजनकाटा मात्र मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाराच हवा.

क्रॉकमीटरवर मी पूर्ण समाधानी आहे. १६ मिलिमीटर व्यासाच्या दांडीला पांढरे सुती कापड लावून ती ९ न्यूटन दाबाने नमुन्यावर १० वेळा पुढे-मागे फिरवायची, आणि पांढऱ्या कापडावर उतरलेला रंग ग्रे स्केलशी, म्हणजे करड्या छटांच्या प्रमाणित पट्टीशी, ताडून १ ते ५ श्रेणी द्यायची, एवढेच त्याचे काम आहे. यात ५ म्हणजे रंग अजिबात उतरला नाही. गडद निळ्या गणवेशाचा रंग कोरड्या चाचणीत टिकतो आणि ओल्या चाचणीत उतरतो, हे पुष्कळदा दिसते. पावसाळ्यात दप्तराचा पट्टा खांद्यावर घासून पांढरा शर्ट निळा का होतो, याचे उत्तर तिथेच मिळते. श्रेणी देताना रंग उतरलेल्या पांढऱ्या कापडामागे तशाच कोऱ्या पांढऱ्या कापडाचे तीन थर ठेवायचे असतात. हे न केल्यास खालच्या टेबलाचा रंग झिरपून दिसतो आणि श्रेणी विनाकारण घसरते.

एल्मेंडॉर्फमध्ये कापडाला आधी चीर देतात आणि सोडलेला लंबक ती चीर पुढे फाडत नेतो; फाडायला किती बल लागले ते यंत्र दाखवते. यंत्र चांगले आहे, मात्र आलेला आकडा लंबकाच्या क्षमतेच्या १५ ते ८५ टक्क्यांच्या आत असेल तरच ग्राह्य धरतात. पातळ शर्टाचे कापड आणि जाड ड्रिल यांना एकच लंबक पुरत नाही, म्हणून जादा वजने यंत्राबरोबरच मागून घ्यावीत.

कापड घासले जाऊन किती टिकते हे मोजणाऱ्या मार्टिंडेलबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक पैसा त्यातच जातो. नमुन्याची गोल चकती लोकरीच्या प्रमाणित कापडावर लिसाजू आकृतीत, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या वक्र रेषांत, घासली जाते. अंगावरच्या नेहमीच्या कपड्यांसाठी दाब ९ किलोपास्कल, तर कामगारांचे कपडे, सोफा किंवा गाडीच्या आसनांच्या कापडासाठी १२. विणलेल्या कापडातील दोन धागे पूर्ण तुटले की चाचणी संपते. मिनिटाला सुमारे ४७ घर्षणे होत असल्याने २०,००० घर्षणांना सात तास लागतात, म्हणजे एका पाळीत एकच फेरी. आमच्या यंत्राची यांत्रिक बांधणी भक्कम आहे. पेन लावून कागदावर आकृती काढून पाहिली तेव्हा रेषा सारख्या अंतराने आणि स्वच्छ उमटल्या. तक्रार आहे ती विक्रेत्याने सोबत दिलेल्या लोकरीच्या कापडाविषयी. त्याला कसलेही प्रमाणपत्र नव्हते, आणि प्रमाणित कापड बसवल्यावर त्याच ताग्याचे निकाल लक्षणीय बदलले. हे कापड प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला आणि ५०,००० घर्षणांनंतर बदलायचे असते. तो आवर्ती खर्च दरपत्रकात कुणी दाखवत नाही, खरेदीदारानेच तो विचारून घ्यावा.

या सर्व यंत्रांपेक्षा महत्त्वाची आहे ती ज्यात ती ठेवायची ती खोली. नाशिकची एप्रिलमधील कोरडी हवा आणि जुलैमधील दमट हवा यांत एकच कापड निराळे वागते. सुताला ओलावा मिळाला की त्याची ताकद वाढते, व्हिस्कोजची मात्र घटते. त्यामुळे उन्हाळ्यात मालेगावचे कापड उगाच कमजोर ठरते आणि भिलवाड्याचे उगाच सरस. जीएसएमही यातून सुटत नाही, कारण प्रमाणित हवेत सूत सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरते आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता हवी. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश चालतात. नमुना या हवेत दोन तासांच्या अंतराने तोलल्यावर वजनात पाव टक्क्याहून अधिक फरक पडत नसेल, तेव्हाच तो चाचणीस तयार समजावा. कारखान्याच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या वाफेशेजारी मार्टिंडेल मांडणाऱ्यांनी मिळालेला आकडा कुणाला दाखवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बजेट अपुरे असेल तर मार्टिंडेल पुढे ढकलावे आणि आधी आर्द्रता नियंत्रित करणारी बंदिस्त खोली करावी.

ताणशक्ती मोजणारे यंत्र आम्ही घेतलेले नाही. ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी जबड्यांत धरून तुटेपर्यंत ताणणारे ते यंत्र महाग आहे, त्याच्या लोडसेलचे, म्हणजे बल मोजणाऱ्या भागाचे, कॅलिब्रेशन नियमित करावे लागते, आणि आमच्याकडे तशी मागणी वर्षातून मोजक्याच वेळी येते. ते नमुने मुंबईतील घाटकोपरच्या बीट्रासारख्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेकडे पाठवणे परवडते. शिवाय सरकारी निविदेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागितला असेल, तर घरच्या यंत्रावरचा आकडा कितीही काळजीपूर्वक काढलेला असला तरी तिथे चालत नाही.