ऑडिओ सर्किट हौसेने करायचं की प्रोफेशनल पद्धतीने?

प्रीअँप (मुख्य अँप्लिफायरच्या आधीची स्टेज) नाहीतर छोटा अँप्लिफायर स्वतः डिझाइन करणार असाल तर आधी एवढंच ठरवा, एकच नग चालला की झालं, का शंभरच्या शंभर नग सारखेच वाजायला हवेत? माझ्या मते खरा फरक तिथे आहे.

हौशी माणूस पार्टपासून सुरू करतो, कुठला ऑपअँप (सिग्नल वाढवणारी छोटी आयसी) भारी, कुठला कपॅसिटर गोड वाजतो वगैरे. प्रोफेशनल आधी आकडे लिहून काढतो, सिग्नल किती, लोड (पुढे जोडलेलं सर्किट ओढेल तो करंट) किती, नॉइज किती चालेल, आणि मग त्यात बसेल तो स्वस्तातला पार्ट उचलतो. कंजूषपणा वाटेल, पण १०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर) घ्या. वायपर (त्याचा सरकता संपर्क) बरोबर मधे असताना पुढच्या स्टेजला तो २५ किलोओहमसारखा दिसतो आणि त्याचा स्वतःचाच नॉइज साधारण २० नॅनोव्होल्ट पर रूट हर्ट्झ (नॉइज मोजायचं एकक, आकडा जितका लहान तितका चांगला). एनई५५३२ सारखा जुना ऑपअँप ५ चा आहे! मग तिथे १ वाला महागडा ऑपअँप लावून हिस (मागचा सूं-सूं आवाज) कुठून कमी होणार? त्यापेक्षा पॉटचाच नॉइज कमी करायला तो १० किलोओहमचा करा, मागच्या स्टेजला तो लोड झेपत असेल तर.

दुसरी गोष्ट मोजण्याची. मी हौशीच, एकदा एनई५५३२ काढून तिथे फास्ट ऑपअँप लावला आणि दोन दिवस "आवाज कसला मोकळा झालाय" म्हणत खूश होतो, मग सहज बोट लागलं तर आयसी चटका बसेल इतका गरम. स्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर तो मेगाहर्ट्झमधे ऑसिलेट होत होता, म्हणजे इनपुट नसतानाही आपोआप कंप पावत होता, कानाला काय कळणार ते! सप्लायच्या पिनांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर लावले आणि गप्प झाला. प्रोफेशनल माणसाने स्कोप आधी लावला असता, कान नंतर.

हौशीची मजा मात्र वेगळीच, रेझिस्टर मीटरने मोजून जोड्या लावा, हीटसिंक हवा तेवढा मोठा घ्या, कोणी हिशोब विचारत नाही. विकायचं असेल तर हे लाड बंद, टॉलरन्सच्या (पार्टची किंमत छापल्यापेक्षा जितकी कमी-जास्त असू शकते त्याच्या) दोन्ही टोकांना सर्किट चाललं पाहिजे, उष्णता, शॉर्ट झालेला आउटपुट, सगळं बघावं लागतं.

घरच्यासाठी एकच करताय ना, मग हौशी पद्धतच घ्या. फक्त स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटला डीसी (एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज) किती येतोय ते मीटरने बघा, आणि मेन्सच्या वायरिंगला हात न लावता तयार अडॅप्टर वापरा.