सात रंगांचा मास्क, दोन रंगांचा मास्क आणि माझं वांग

पंचेचाळिशी उलटली, गालांवर वांग आलं आणि डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यातले सगळे सल्ले मी एकेक करून पाळले. एलईडी मास्क, म्हणजे आतून रंगीत दिवे असलेला, चेहऱ्यावर चढवायचा मुखवटा, हा त्यातलाच एक.

पहिला मास्क ऑनलाइन मागवला, अडीच हजारांचा. कडक पांढरं प्लास्टिक, सात रंग, वर रिमोट. बसून लावला तर सगळा भार नाकावर येतो, म्हणून आडवं पडायचं, आणि आडवं पडलं की मला झोप लागते. हनुवटीपाशी बोटभर फट. पुस्तिकेत हिरवा मनःशांतीसाठी, जांभळा आणखी कशासाठी, अशी भलीमोठी यादी. पण तरंगलांबी, म्हणजे उजेड नेमका कुठला ते सांगणारा आकडा, किती नॅनोमीटर, ते कुठेच नाही. खरं तर बघायचं तेवढंच असतं. सुरकुत्यांसाठी लाल ६३० च्या आसपास, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड ८३० च्या आसपास, पिंपल्ससाठी निळा ४१५ च्या आसपास. बाकी रंग म्हणजे लग्नातलं लायटिंग.

निळा रंग छान दिसतो म्हणून मी तीन आठवडे तोच लावून बसले. वांग चांगलंच गडद झालं. त्वचेच्या डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला निळा उजेड आणखी काळवंडवतो म्हणे. हे खोक्यावर छापायला काय जात होतं?

दुसरा ऑम्निलक्स कॉन्टूर, भाचीनं अमेरिकेहून आणलेला. मऊ सिलिकॉनचा, गुंडाळून पिशवीत जातो. यात दोनच उजेड, ६३३ आणि ८३०, आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद. चेहऱ्याला नीट बसतो, त्यामुळे तो लावून मी मटार सोलते. काढल्यावर मिनिटभर ट्यूबलाइट हिरवट दिसते. पहिल्या दिवशी मी घाबरून मुलाला हाक मारली, तर तो मलाच बघून दचकला.

भाची स्वतः डॉ. डेनिस ग्रॉस या ब्रँडचा मास्क वापरते. तो कडक आहे, पण तीन मिनिटांत काम संपतं आणि त्यात निळाही आहे. तिचं वय सव्वीस, तिला पिंपल्स, वांग नाही. तिला तोच बरा.

आठवड्यातून चार-पाचदा, असे तीन महिने झाले. कपाळावरच्या बारीक रेघा जरा मऊ पडल्यात, निदान मला तरी तसं वाटतं. आमच्या ह्यांना काहीच दिसत नाही. वांग मात्र मास्कनं तसूभरही हललं नाही. ते थोडं फिकं झालं डॉक्टरांच्या क्रीमनं आणि टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या, सनस्क्रीननं. तेव्हा वांगासाठी म्हणून कोणी मास्क घेत असाल, तर ते पैसे आधी डॉक्टरांकडे आणि सनस्क्रीनवर घाला. रेघांसाठी हवा असेल आणि ऐपत असेल, तर मऊ सिलिकॉनचाच घ्या.

सात रंगांचा मुलानं गणपतीत मखरामागे लावला. रिमोट तिथे फार कामाला आला.