मनिलाचा ठसा की अझोर्सचा?

परक्या देशाच्या चांदीवर ठसा मारून ती आपल्या बेटांवर चालवायची, अशा नाण्यांपैकी एकच घेण्यापुरते पैसे असतील, तर मी मनिलाचं घ्या म्हणेन. आपल्या जुन्या रुपयांवर सराफांच्या बारीक खुणा दिसतात, त्या पारखीच्या. हे ठसे मात्र सरकारी.

अमेरिका खंडातल्या बहुतेक वसाहती स्पेनच्या हातून सुटल्या, तरी तिथली चांदी स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये (राजधानी मनिला) येतच राहिली. बंडखोरांच्या घोषणा मिरवणारं नाणं राजाच्या राज्यात चालवायचं कसं? १८२८मध्ये आधी अख्ख्या नाण्यावर ‘मनिला १८२८’ असा मोठा छाप मारून पाहिला. १८३२पासून मुकुटाखाली ‘एफ ७’ एवढाच छोटा ठसा आला, म्हणजे स्पेनचा राजा सातवा फर्डिनांड. तो १८३३मध्ये वारला, आणि १८३४ ते १८३७ ‘वाय २’ (रोमन आकड्यात) चालला, म्हणजे दुसरी इसाबेला. पेरूचं आठ रेआलचं (रेआल हे जुनं स्पॅनिश चलन) नाणं हातात घ्या: ढाल घेतलेली उभी स्वातंत्र्यदेवी, ढालीवर ‘लिबर्ताद’ म्हणजे स्वातंत्र्य, आणि त्याच चांदीवर चिमुकल्या राणीचं नाव! एवढी मजा दुसऱ्या कुठल्या ठशात मला तरी दिसली नाही.

अझोर्स म्हणजे अटलांटिक महासागरातली पोर्तुगालची बेटं. तिथला ठसा १८८७चा: मुकुट आणि खाली ‘जी पी’, म्हणजे पोर्तुगीज सरकार. बेटांवर नाना देशांची चांदी फिरत होती, तिलाच तो मारला. त्यामुळे वैविध्य भरपूर, आणि विविध देशांचीच नाणी जमवत असाल तर हाच घ्या.

पण खोटे ठसे याचेच फार. मला एकदा १८९०च्या पुढचं साल असलेलं नाणं ‘अस्सल जी पी’ म्हणून दाखवलं होतं. ठसा आधीचा, नाणं नंतरचं! एवढी ढोबळ चूक नसेल, तर अझोर्सच्या बाबतीत साल फारसं कामी येत नाही, कारण १८८७पूर्वीचं जवळजवळ काहीही चालून जातं. वजनही प्रत्येक देशाचं वेगळं. मनिलाच्या ठशाखाली बहुतेक वेळा नव्या प्रजासत्ताकांचं आठ रेआलचंच नाणं असतं: साधारण २७ ग्रॅम, आणि साल १८३७च्या पुढे जाता कामा नये. नक्कल इथेही होते, पण पकडायला जागा जास्त.

दोन्हींसाठी एक गोष्ट करा. नाणं उलटं धरून ठशाच्या बरोबर मागची जागा भिंगातून बघा. खऱ्या घावाने तिथलं चित्र थोडं तरी चेपतं. मागची बाजू अगदी ताजीतवानी दिसली, तर पैसे काढण्याआधी आणखी एका जाणत्याला दाखवा.