नगरसेवकाचं जनसंपर्क कार्यालय: कुठल्या कामाला उपयोगी, कुठल्या नाही

मुंबईत मार्च २०२२ पासून, आणि बाकीच्या बहुतेक महापालिकांतही कित्येक वर्षं, प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर नगरसेवकांची जनसंपर्क कार्यालयं परत गजबजली आहेत. ही सेवा मोफत आहे, घराजवळ आहे आणि नीट वापरली तर फार मोलाची आहे. पण एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. नगरसेवक आदेश काढू शकत नाही. महापालिकेत अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवकाच्या हातात पत्र, प्रभाग समिती, सभागृहातला प्रश्न, अंदाजपत्रकातली तरतूद आणि पाठपुरावा एवढंच असतं. त्यामुळे कार्यालय चांगलं की वाईट हे पाठपुराव्यावरूनच ठरवावं.

सगळ्यात जास्त गर्दी दाखल्यांना असते आणि हे काम बहुतेक ठिकाणी बरं होतं. आधारवरचा पत्ता बदलायला नगरसेवकाचं प्रमाणपत्र चालतं, पण ते आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातच हवं. लेटरहेडवर लिहिलेलं पत्र केंद्रावरून परत येतं. नमुन्यावर फोटो चिकटवल्यावर सही आणि शिक्का दोन्ही अर्धे फोटोवर, अर्धे कागदावर यायला हवेत. शिक्का नुसता खाली कोपऱ्यात मारला तर अर्ज फेटाळतात. खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही. दिल्याच्या तारखेपासून ३ महिनेच ते वैध असतं, म्हणून तारखेचा रकाना कोरा ठेवून घरी आणू नये. जाणती कार्यालयं कोरे नमुने छापून ठेवतात आणि सहीची वेळ दारावर लावतात. उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला मात्र इथे मिळत नाही, तो महसूल खात्याचा. त्यासाठी ‘आपले सरकार’वर किंवा सेतू केंद्रात अर्ज करावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अशा सेवांना मुदत घालून दिलेली आहे, मुदत टळली तर ३० दिवसांत अपील करता येतं. अशा कामाला नगरसेवकाचं पत्र जोडून काहीच फरक पडत नाही. दाखल्यांच्या सेवेला पाचपैकी चार गुण.

पाणी, ड्रेनेज आणि दिवे यात कार्यालयाची खरी कसोटी लागते. ‘पाणी कमी येतं’ एवढं सांगून कोणीही काही करू शकत नाही. अख्ख्या गल्लीला कमी येतंय की एकाच इमारतीला, हे आधी बघावं. गल्लीला कमी असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडला जात नाही, वेळ कापली गेली आहे किंवा मुख्य वाहिनीला गळती आहे. इथे नगरसेवकाच्या माणसाने व्हॉल्व्हमनला आणि कनिष्ठ अभियंत्याला केलेला फोन उपयोगी पडतो. एकाच इमारतीला कमी असेल तर बहुधा तिची स्वतःची जोडणी गंजलेली असते, नाहीतर मीटरची जाळी तुंबलेली असते. तो खर्च सोसायटीचा. आठवडाभर पाणी सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ, आणि टाकीच्या आधीच्या नळाला २० लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद लिहून नेले तर अभियंता उडवून लावू शकत नाही.

पाणी सुरू होताच पहिली १०-१५ मिनिटं गढूळ, वास येणारं आणि मग स्वच्छ, असं होत असेल तर ते नक्की सांगावं. पुरवठा बंद असताना रिकाम्या वाहिनीत दाब राहत नाही आणि गटाराजवळ तिला भोक असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. अशा वेळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, त्याच दिवशी व्हायला हवी. थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली नाही तर गळती शोधायला खोदकाम लागतं. ‘टँकर पाठवतो’ म्हणून विषय संपवणारं कार्यालय लोकांच्या तब्येतीशी खेळतं, हे स्पष्ट लिहायला हवं. दिव्याच्या तक्रारीत खांबावरचा क्रमांक द्यावा. चेंबर तुंबलं असेल तर कुठल्या घरासमोरचं आणि मैला वर येतोय की नुसतं पाणी साचलंय हे सांगावं, म्हणजे जेटिंगची (दाबाच्या पाण्याने वाहिनी साफ करणारी) गाडी पाठवायची की माणूस, ते ठरतं. झाडाची फांदी तोडायची परवानगी नगरसेवक देऊ शकत नाही. १९७५ च्या कायद्याप्रमाणे ती वृक्ष प्राधिकरणाकडूनच घ्यावी लागते.

रस्ते आणि निधी. इथे बहुतेक कार्यालयं कमी पडतात. नवा रस्ता वर्षभरात उखडला की लगेच नवीन डांबरीकरणाची मागणी होते आणि फलकही लागतो. खरं तर आधी दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषाला ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत, संपलाय का, हे बघायला हवं. संपला नसेल तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. कार्यादेशाची (ठेकेदाराला काम देणाऱ्या आदेशाची) प्रत काढून ठेकेदाराला नोटीस पाठवायला लावणारा नगरसेवक प्रभागाचे पैसे वाचवतो, आणि असा नगरसेवक मिळाला तर त्याला जपावं. बाकडी, कापडी पिशव्या, नामफलक यांवर निधी खर्च करणं सोपं असतं, कारण ते चटकन दिसतं. नवीन काम हवं असेल तर मागणी दिवाळीच्या आसपास द्यावी. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतं. एप्रिलनंतर दिलेल्या मागणीला वर्गीकरणाशिवाय, म्हणजे दुसऱ्या कामाची तरतूद इकडे वळवल्याशिवाय, पैसा मिळत नाही. तरतूद झाली तरी पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश हे टप्पे राहतातच. ‘मंजूर झालंय’ म्हटलं की यातला कुठला टप्पा, हे विचारावं. या बाबतीत पाचपैकी दोन.

मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकाला एक नगरसेवक, त्यामुळे जबाबदार कोण हे ठरलेलं असतं. इतर महापालिकांत बहुतांश प्रभाग चार सदस्यांचे, अ, ब, क, ड. तिथे एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. उपाय साधा आहे. निवेदन एकच लिहावं, चौघांच्या नावाने, चार प्रती, प्रत्येक कार्यालयाची पोच वेगळी. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि काही ठिकाणी फोन पतीच उचलतात. पण पत्रावर सही आणि सभागृहात प्रश्न नगरसेविकेचाच लागतो, तेव्हा थेट त्यांच्याशीच बोलावं.

कार्यालयाची परीक्षा घ्यायची असेल तर भिंतीवरचे फोटो बघू नयेत, जावक नोंदवही बघावी. तीत क्रमांक, तारीख, विषय, कोणत्या खात्याला पत्र गेलं आणि शेवटी ‘उत्तर’ असा रकाना असतो. तो रकाना पानोपान कोरा असेल तर पत्रं जातात आणि तिथेच मरतात. चांगल्या कार्यालयात त्या रकान्यात लाल शाईने दुसऱ्या स्मरणपत्राची तारीख असते. आपल्या पत्राचा जावक क्रमांक आणि महापालिकेतला आवक क्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत. रकाना कोराच राहिला तर आयुक्तांच्या लोकशाही दिनात, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या ठरलेल्या दिवशी, जाता येतं. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत, १५ दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट प्रकरणं आणि ज्यांना अंतिम उत्तर मिळालंय असे विषय तिथे घेत नाहीत.