अल्फा कोर्स : मंडळी जोडणारा उपक्रम आणि त्याच्या मर्यादा

रविवारी एकाच बाकावर बसणारी माणसे एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत, ही खंत कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायांत, सारखीच ऐकू येते. तिच्यावरचा उपाय म्हणून जेवण आणि गटचर्चेतून ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणाऱ्या अल्फा कोर्सचे नाव वारंवार सुचवले जाते. एका प्रोटेस्टंट मंडळीत सहभागी म्हणून आणि पुढे एका कॅथलिक धर्मग्रामात मदतनीस म्हणून मी तो जवळून पाहिला आहे.

लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये १९७७ साली चार्ल्स मार्नहॅम यांनी नव्या श्रद्धावंतांसाठी हा वर्ग सुरू केला. १९९० पासून निकी गंबेल यांनी त्याला चर्चबाहेरच्या माणसांना सामावून घेणारे रूप दिले. आठवड्यातून एकदा एकत्र जेवण, मग श्रद्धेच्या एखाद्या प्रश्नावर व्याख्यान किंवा चित्रफीत आणि शेवटी लहान गटात चर्चा असा हा क्रम सुमारे अडीच महिने चालतो. मध्ये पवित्र आत्म्याविषयीचे एक निवासी शिबिर असते. सहभागी होणाऱ्यांकडून शुल्क घेतले जात नाही.

माझ्या मते या उपक्रमाचे खरे बळ व्याख्यानांपेक्षा जेवणात आणि चर्चेच्या पद्धतीत आहे. गटप्रमुखाने उत्तरे द्यायची नाहीत, कोणाला खोडून काढायचे नाही, फक्त ऐकायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचा, ही शिस्त आपल्याकडे अवघड जाते, कारण पाळक किंवा धर्मगुरू बोलतात आणि बाकीचे ऐकतात अशी आपली घडण आहे. ती शिस्त जिथे मनापासून पाळली जाते तिथे वर्षानुवर्षे मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) येऊनही कधी तोंड न उघडलेली माणसे आपल्या शंका, घरातले आजारपण, मुलांची काळजी मोकळेपणाने सांगू लागतात, आणि पुढच्या रविवारी तीच माणसे चर्चच्या दारात एकमेकांसाठी थांबतात. हे घडताना पाहणे मला फार मोलाचे वाटले.

उणिवाही ठळक आहेत. व्याख्यानांतला शंकेखोर माणूस बहुधा पाश्चात्त्य शहरातला, धर्मापासून दुरावलेला असतो. आपल्याकडचा जिज्ञासू मात्र देवाच्या अस्तित्वापेक्षा जात, एकत्र कुटुंब, सणवार आणि बाप्तिस्म्यानंतर तुटणारी नाती यांविषयी विचारतो, आणि त्या प्रश्नांना तयार साहित्यात पुरेशी जागा नाही. १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा भक्तसमूह उभारताना ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणू पाहिले होते. त्यांच्या भजन-कीर्तनाच्या वाटेने एखादी संध्याकाळ तरी बेतली, तर ही उणीव बरीच भरून निघेल. शिवाय सर्व पंथांना चालावे म्हणून बाप्तिस्म्यासारखे चर्चचे संस्कार, येशूची आई मरिया हिचे स्थान, धर्मगुरूपद असे विषय बाजूला ठेवलेले असल्यामुळे कॅथलिक धर्मग्रामाला पुढील शिक्षणाची व्यवस्था स्वतः करावी लागते. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे फादर जेम्स मॅलन यांनी अल्फाकडे धर्मग्रामाच्या एकंदर नवीकरणाचा एक भाग म्हणून पाहिले, आणि ते मला योग्य वाटते.

शेवटच्या जेवणानंतर काय, हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. गट तिथेच विसर्जित केला तर ओळखी काही महिन्यांत विरतात. कॅथलिकांकडे वाडीवस्तीतले लहान ख्रिस्ती समूह आहेत, प्रोटेस्टंटांकडे घरोघरच्या प्रार्थनासभा आहेत. सहभागींना कोणत्या घरी, कोणत्या वारी बोलावायचे, हे कोर्स सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे. स्वयंपाकाचा भार त्याच चार-पाच बायकांवर पडणार नाही, याचीही आखणी तेव्हाच व्हावी. एवढी तयारी असलेल्या कोणत्याही मंडळीला मी अल्फाची शिफारस करीन. नसल्यास आधी वर्षभर घरसभा नियमित चालवाव्यात आणि मगच नोंदणी करावी.