सायमन की काहनेमन: वर्तनवादी अर्थशास्त्राची सुरुवात कुठून करावी?

माणूस निर्णय कसे घेतो हे अर्थशास्त्राच्या अंगाने अभ्यासायचं ठरवलंत, की दोन वाटा समोर येतात. एक अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट सायमन यांची, दुसरी डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांची.

सायमन यांचा मूळ लेख १९५५चा. त्यात घर विकायला काढलेला माणूस आहे. येणारी प्रत्येक बोली त्याला आधी ठाऊक नसते, म्हणून तो मनाशी एक किंमत धरतो आणि तेवढी देणारा भेटला की व्यवहार उरकतो. सर्वोत्तम पर्याय शोधायला लागणारा वेळ, माहिती आणि आकडेमोड माणसाच्या आवाक्यात नसते, हे सायमन यांचं म्हणणं. अर्थतज्ज्ञांनी त्यांना १९७८चं नोबेल दिलं, पण रोजच्या गणितात मात्र फारसं घेतलं नाही. कारण उघड आहे: सायमन कमाल उपयोगितेचं, म्हणजे माणूस नेहमी सर्वाधिक समाधान देणारा पर्यायच निवडतो, हे गृहीतकच काढून टाका म्हणत होते.

काहनेमन-ट्वर्स्कींनी या गृहीतकावरचं अर्थतज्ज्ञांचं समीकरण मोडलं नाही, त्यातले घटक बदलले. एकूण संपत्तीऐवजी नफा-तोटा, आणि नफ्यापेक्षा तोट्याला जास्त वजन. १९७९ साली ही मांडणी ‘इकॉनॉमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आली, ओळखीच्या भाषेत, म्हणून पचली. त्यांचा १९८१चा प्रश्न पाहा. साथीत ६०० जण दगावणार आहेत. उपायांचे पर्याय दोन: एक खात्रीचा, दुसरा जोखमीचा. ‘२०० नक्की वाचतील’ असं सांगितलं तेव्हा ७२ टक्क्यांनी हा खात्रीचा पर्याय घेतला. तोच पर्याय ‘४०० नक्की मरतील’ असा मांडला, तेव्हा ७८ टक्के लोक तो सोडून जोखमीकडे वळले. आकडे तेच, शब्द फक्त बदलले. काहनेमन यांना २००२मध्ये नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६लाच गेले होते.

नवख्याने काहनेमन-ट्वर्स्कींपासूनच सुरुवात करावी. वरचा प्रश्न वर्गाचे दोन गट करून उद्याच विचारता येतो. मात्र समोर ठेवलेल्या पर्यायांतून माणूस काय उचलतो, एवढंच तिथे कळतं. मुळात पर्याय शोधतो कसे आणि शोध थांबवतो कधी, ते नाही. कंपनी, सरकारी कार्यालय, भरती किंवा खरेदीचे निर्णय हा तुमचा विषय असेल, तर थेट सायमनच घ्या. माझ्या मते खोलवरचा प्रश्न त्यांचाच आहे, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. १९५५च्या लेखातली संचांची (सेट्सची) गणिती मांडणी पहिल्या वाचनात ओलांडून गेलात तरी चालेल. घर विकण्याचा भाग मात्र सावकाश वाचा.